फीट थांबली, पोर पेटली

आधी एक गोष्ट ठणकावून सांगते, मग भांडते. हे वाचून कुणीही आपल्या मुलाची गोळी बंद करायची नाही. आज नाही, उद्या नाही, शेजारणीने सांगितलं म्हणून नाही आणि मी लिहिलंय म्हणून तर अजिबात नाही. आमच्या घरात ती बंद केली गेली होती. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. औषधाचं नावही मी लिहिणार नाही. तीच गोळी दुसऱ्या कुणाच्या पोराला सुखाने शाळेत पोचवत असेल, आणि तुम्ही नाव वाचून पाकीट फेकून द्याल.

मी वैशाली. वय पंचवीस. आम्ही कुपवाडला राहतो, वडील तिथल्याच एका कारखान्यात ग्राइंडरवर आहेत. आई माण तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मामाचा कळप अजून दहिवडीच्या बाजूला असतो. मी गेली पाच वर्षं एका संघटनेतर्फे गावोगाव पत्रकं वाटते. अंगात येणं, करणी, भानामती, देवऋषी यांच्याविरुद्ध. माईक मिळाला तर माईकवर, नाही मिळाला तर तशीच ओरडून. माझ्यानंतर पंधरा वर्षांनी झालेली माझी बहीण म्हणजे ऋतुजा. आजारी पडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, चौथीत. तिच्या आजारापेक्षा आम्ही तिच्याशी कसे वागलो, ते सांगायला मी बसले आहे.

चमचा

गणपती नुकतेच गेले होते. रविवार सकाळ. ऋतू दारातल्या पायरीवर बसून चहात बटर बुडवून खात होती. कप खाली पडला म्हणून मी वळून बघितलं, तर ती कपाच्या शेजारी पडलेली. मान एका बाजूला, दात घट्ट, हातपाय असे आपटत होते की पायरीच्या फरशीवर टाचा फुटल्या. मी हातातली घागर टाकून पोचेपर्यंत गल्ली जमा. एकाने चप्पल काढून नाकाला लावलेली. शेजारच्या काकूंनी स्टीलचा चमचा दातात कोंबलेला. "जीभ गिळंल गं पोर, जीभ गिळंल!" मी काकूंना ढकललं आणि चमचा हिसकावला, पण तोवर पुढचा दात अर्धा तुटून चहात पडला होता.

जीभ कुणी गिळत नसतं. तोंडात काही घालायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर उचलून दवाखाना. हे मी शंभर गावांत ओरडून सांगितलेलं. माझ्याच दारात कुणी ऐकलं नाही.

मग एका खाजगी दवाखान्यात नेलं. डोक्याला तारा चिकटवल्या, कागदावर रेघा आल्या. डॉक्टर रेघा बघून म्हणाले, "मिरगी आहे. गोळी सुरू करू. तीन वर्षं. एकही चुकवायची नाही."

वडिलांनी नुसती मान हलवली. आईने विचारलं, "साहेब, ह्या गोळीनं आनि काय काय हुतं?"

"काही होत नाही."

आईने परत तोंड उघडलं तसं मी तिचा दंड दाबला. साहेबांचा वेळ घेऊ नको म्हणून. बाहेर आल्यावर तिला रस्त्यातच व्याख्यान दिलं, की विज्ञानावर विश्वास ठेवायला शीक. त्याच आठवड्यात मी नवीन पत्रक लिहिलं, 'फीट म्हणजे भूत नव्हे'. त्यात ठळक अक्षरात एक वाक्य होतं: गोळ्यांनी पोरं बिघडतात, ही अडाण्यांची अफवा आहे.

ते वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणी सुचवलेलं नाही.

पेटली

तीन आठवडे सुखाचे गेले. फीट नाही. आईने मटण केलं. मी संघटनेत सगळ्यांना सांगत सुटले, की बघा, गोळी.

चौथ्या आठवड्यात भात गरम आहे म्हणून ऋतूने ताट वडिलांच्या तोंडावर फेकलं. ओठ फाटला. वडील रक्त पुसत हसले, "हात सटकला व्हय गं, बाळा?" तिने त्यांच्याकडे बघितलं आणि तांब्या उचलून फेकला. तोही बसला. तेव्हा ते हसायचे थांबले.

ही पोरगी मुंगीवर पाय पडू नये म्हणून उडी मारून चालायची.

त्यानंतर रोज. दप्तर उघडत नाही म्हणून कात्रीने चिरलं. कुकरचं झाकण आईच्या गुडघ्यावर. माझ्या पाठीवर दाताचे ठसे, एकावर एक. राग चढताना तिचा चेहरा आधी पांढरा पडायचा, मग कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. पंधरा-वीस मिनिटं घर हे घर राहायचं नाही. आणि उतरला की ती कोपऱ्यात बसून आपलेच हात मांडीखाली दाबून धरायची.

अभ्यासाचंही तेच. सातचा पाढा झोपेत म्हणणारी पोर 'सात त्रिक' म्हणून थांबायची. धड्याची दुसरी ओळ वाचेपर्यंत पहिली विसरलेली. बाईंनी वहीवर लाल शाईने लिहून पाठवलं, 'लक्ष नाही.' लक्ष नाही! लक्ष कुठे गेलं, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. मलाही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामाकडे गेलो. दरवर्षी तिथली आई मेलेली कोकरं ऋतूच बाटलीने दूध पाजून सांभाळायची. त्या वर्षी एक काळं कोकरू बाटली संपली तरी सोडेना, तिचं बोट ओढत राहिलं. तिने कुंपणाची काठी उपसली आणि त्याला मारायला सुरुवात केली. मी धावत पोचेपर्यंत त्याचा मागचा पाय मोडला होता आणि ती मारतच होती. कोकराचा आवाज बंद झाला होता. तिचा चालू होता.

मामाने काठी काढून घेतली. तिला हात लावला नाही. आईला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, ही आपली ऋतू न्हाई. हिला काय पाजतायसा?"

"गोळी."

"मग बघा की गोळीकडं."

मी तिथेच होते. म्हणाले, "मामा, मेंढराचं डोकं माणसाला लावू नका."

मामा हसला. "व्हय बाई, तुमी शिकल्याल्या. मेंढराचं डोकं आमालाच राहू द्या."

लाड कमी करा

परत आल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "फीट आली?"

"न्हाई."

"मग झालं तर. गोळी काम करतेय. ठरल्याप्रमाणे आता अर्धीची एक करा."

आई म्हणाली, "साहेब, पोर मारती सगळ्यास्नी. कोकराचा पाय मोडला तिनं."

"लाड कमी करा."

एवढंच. पुढचा पेशंट. आई खुर्चीतून उठेना, तिला मीच उठवलं. डॉक्टरांच्या बाजूने मी परत एकदा आईशी भांडले.

अर्धीची पाव झाली असती तर कदाचित हे लिहावं लागलं नसतं. अर्धीची एक झाली. पुढच्या सोमवारी ऋतूने वर्गात शेजारच्या मुलीच्या कपाळावर लोखंडी कंपासपेटी हाणली. भुवईवर तीन टाके. त्या मुलीची आई संध्याकाळी दारात. "तुमची पोरगी पिसाळल्याली हाय! बांधून ठेवा न्हाईतर आमी बांधू!" तिच्या पोरीचं कपाळ फुटलं होतं, तिला काय बोलणार. शाळेने मात्र गोड शब्दात सांगितलं, बरं वाटेपर्यंत घरीच ठेवा. नऊ वर्षांच्या मुलीला एका वाक्यात शाळेबाहेर काढलं आणि आम्ही 'बरं' म्हणून आलो.

गल्लीतल्या एकीने ऋतू दारावर डोकं आपटतानाचं शूटिंग करून ग्रुपवर टाकलं. खाली हसणारी तोंडं. मी तिच्या घरी गेले, मोबाइल हातातून ओढला आणि गटारात टाकला. चूक केली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करीन.

भिंत

डिसेंबरात मी पाच दिवस जत तालुक्यात होते. एका देवऋष्याला गावासमोर उघडं पाडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, अंगात वारं शिरलेलं. घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत बघितली.

तिथे गेरूचे ठिपके होते. ओळीने. काही बारीक, काही अंगठ्याएवढे, मधून एक आडवी रेघ, रेघेखाली ठिपके दाट झालेले. माझं डोकं फिरलं. माझ्या घरात! मी तिकडे बुवाची जटा ओढून आले आणि इथे माझ्या आईने कुठल्यातरी भगताचा तोडगा भिंतीवर काढून घेतलाय!

"हे काय आहे?"

आई भाकरी थापत होती. "आसू दे. माझ्यापुरतं हाय ते."

मी बादली घेतली, फडकं घेतलं.

"पुसू नगंस वैशे, अगं ते..."

"एक शब्द बोलू नको. अडाणी ती अडाणीच राहिलीस."

तिने भाकरी तव्यावर टाकली. मी भिंत खालपर्यंत घासून काढली. लाल पाणी मोरीत ओतलं.

ते ठिपके काय होते, हे मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, कोडी घालायला मी बसलेली नाही. मामाकडे कळपातल्या एखाद्या जनावराला नवीन औषध पाजलं, की त्याला गेरूचा ठिपका लावून ठेवतात. मग रोज बघायचं. चरतंय का, शिंगं मारतंय का, बाकीच्यांतून बाजूला उभं राहतंय का. औषध लागू पडलं की जिवावर उठलं, हे त्या ठिपक्याच्या जनावरावरून ठरतं, मग बाकीच्यांना पाजायचं. आई शाळेत दुसरीपर्यंत गेली. तिला येत होतं तेच तिने केलं. पोरीला ठिपका लावता येत नाही, म्हणून भिंतीला लावला. राग आला की एक बारीक ठिपका. कुणाला मारलं की मोठा. आडवी रेघ म्हणजे गोळी अर्धीची एक झाली तो दिवस. रेघेखाली दाट.

डॉक्टरला जे दिसलं नाही, मला जे दिसलं नाही, ते त्या भिंतीवर लिहिलेलं होतं. आणि पाच वर्षं 'निरीक्षण करा, नोंद ठेवा, मग बोला' म्हणून गावांना शिकवणाऱ्या बाईने ते फडक्याने पुसलं.

मी मारलं

हे लिहिताना तीनदा उठले.

सकाळची गोळी. वडील, ऋतूचे दादा, कामावर गेलेले. ऋतू म्हणाली, "म्या न्हाई घेनार."

"का?"

"घेतली की डोक्यात दादांचा ग्राइंडर चालू हुतो, ताय. माजा हात मग माजं ऐकत न्हाई."

नऊ वर्षांच्या मुलीने याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? मी ऐकलं ते एवढंच, की ही गोळी चुकवायला बघतेय. मी गोळी चमच्यात गूळ घालून चुरली. ती पळाली. मी तिला धरून पाडलं, ओढणीने मनगटं बांधली, तिच्या पायांवर बसले आणि नाक दाबलं. तोंड उघडलं तसा चमचा आत सारला. त्या पहिल्या दिवसासारखाच चमचा. तिने माझं बोट हाडापर्यंत चावलं. मग मी मारलं. एक थप्पड नव्हे. किती ते मला ठाऊक नाही. तिचे हात बांधलेले होते.

आई मोरीतून धावत आली आणि माझ्या झिंज्या धरून तिने मला मागे ओढलं. आयुष्यात तिने मला कधी हात लावला नव्हता. ओढणी सोडत म्हणाली, "हितनं म्होरं गोळी म्या देनार. तू हात लावायचा न्हाईस."

पुढचे चार दिवस ऋतू निवळत गेली. दुसऱ्या दिवशी एकदाच ओरडली. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या पाठीवर बसली. चौथ्या दिवशी आपणहून केस विंचरून घेतले. आणि मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, माराने सुधारली.

पाचवा दिवस

सकाळी दहा. ऋतू चादरीची घडी घालत होती आणि घडीवरच कोसळली. मी कुशीवर वळवलं, घड्याळ बघितलं. दोन मिनिटं. चार. पाच झाली तशी मी दारात जाऊन रिक्षा, रिक्षा म्हणून किंचाळले. सात. रिक्षात अकरा. ओठ राखेसारखे. तिच्या हाताचा झटका माझ्या हनुवटीवर बसत होता, एकसारखा, आणि मी तो बसू देत होते, कारण थांबला असता तर मी काय समजले असते?

ज्या रुग्णालयात नेलं तिथे पडदा ओढला आणि आम्हाला बाहेर काढलं. पहिल्या सुईने थांबलं नाही. दुसरीने थांबलं. पडद्याआडून ऐकू येणारा खाटेचा खडखडाट बंद झाला, तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. मग नर्सने पडदा सारून सांगितलं, "श्वास चांगला आहे."

बाहेर आईने पदराची गाठ सोडली. आत गोळ्या होत्या. चार दिवसांच्या, एकही कमी नाही.

मी आईचे खांदे धरले आणि तिला भिंतीवर आपटलं. "मारून टाकली असतीस! तुझ्या हाताने मारून टाकली असतीस!" सफाईच्या मावशींनी मला कमरेला धरून ओढलं. आई डोकं भिंतीला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात आतून डॉक्टर बाई आल्या. माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी गोळ्यांकडे बघितलं. "कुणी बंद केली?"

"म्या," आई म्हणाली.

"का?"

तीन महिन्यांत हा एका शब्दाचा प्रश्न आईला पहिल्यांदा कुणीतरी विचारला. ती खाली बसली आणि सांगत गेली. भात, तांब्या, कोकरू, कंपासपेटी. ठिपके. रेघ.

"कुठे आहे ही नोंद?"

"भितीवर व्हती. पुसली."

"कुणी पुसली?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. "पुसली गेली."

नुकतंच तिला मी भिंतीवर आपटलं होतं, आणि ती मला पाठीशी घालत होती. मी म्हणाले, "मी पुसली." डॉक्टर बाईंनी मान हलवली, कागद ओढला आणि आईसमोर खालीच बसल्या. आईने सगळं तोंडपाठ सांगितलं. कुठल्या दिवशी बारीक, कुठल्या दिवशी मोठा, रेघेच्या आधी किती, नंतर किती. कळपातलं एकेक जनावर तोंडावरून ओळखणाऱ्या घरातली बाई ती. भिंत पुसून तिचं काही पुसलं नव्हतं.

लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत ते शंभर टक्के बरोबर आहे. ही गोळी काही मुलांना असा राग आणते. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण केलंत ते फार चुकीचं. एकदम बंद केली म्हणून आज ही वेळ आली. बंद करायच्या आधी कुणाकडे तरी यायचं की."

"कुनाकडं यिऊ, बाई?" आई म्हणाली. "दवाखान्यात म्हनत्यात लाड कमी करा. घरात म्हनत्यात अडाणी."

वॉर्ड

सहा दिवस राहिलो. सकाळी सहाला ताप-नाडी, आठला गोळी, नऊला राउंड, मग दिवसभर पंख्याकडे बघणं. जुनी गोळी एकदम नाही काढली. ती पायरी-पायरीने खाली आणि नवीन पायरी-पायरीने वर. घरी गेल्यावरही ते दीड महिना चालायचं होतं. नर्सबाईंनी ऋतूला रोज एक रिकामी सिरिंज दिली, सुई काढून. ती पाणी भरून खिडकीबाहेर पिचकारी मारायची. सहा दिवसांतली तेवढीच मजा.

शेजारच्या खाटेवर उंब्रजची एक बाई होती, मुलाला घेऊन. तिने दुसऱ्या दिवशी आईला हळूच विचारलं, "आवं, तुमची बी मारती का वो?"

"मारायची."

त्या बाईने तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. "मला वाटायचं माजाच असला निपाजला. सासू म्हनती, तुज्या माहेरचं रगात." त्यानंतर दोघी दिवसभर बोलत होत्या. माझ्या पाच वर्षांच्या भाषणांनी जे कुणाला दिलं नसेल, ते त्या बाईला आईच्या एका शब्दाने मिळालं.

नवीन औषधाने राग गेला. पण सुरुवातीला शब्दही गेले. "ताय, ते दे की... ते... भाकरीचं पीठ मळत्यात ते." परात. परातीसमोर बसून तिला परात आठवेना आणि ती रडायची. या वेळी आम्ही गोळी पदरात बांधली नाही आणि लाडही कमी केले नाहीत. रोजच्या नोंदीची डायरी घेऊन गेलो. डॉक्टर बाईंनी डोस कमी केला. हळूहळू शब्द परत आले. सगळं आलं नाही. भागाकार अजून अडतो, लांबलचक धडा वाचून झाला की ती दमते. शाळेने मार्चमध्ये अर्धा दिवस घेतलं, तेही मी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर दोन तास बसून राहिले म्हणून. टाके पडलेली मुलगी पुन्हा तिच्याच बाकावर बसायला लागली. पोरं आपल्याहून लवकर मोकळी होतात, असं मला तेव्हा वाटलं.

पत्रक

संघटनेच्या बैठकीत मी म्हणाले, ते ठळक वाक्य काढायचं आणि खरं छापायचं. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "वैशाली, आपणच असं छापलं तर भोंदूंच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. लोक गोळ्या सोडतील."

मी म्हणाले, "सर, लोक गोळ्या सोडतायत. आपण खोटं बोललो म्हणून गुपचूप सोडतायत."

ते पत्रक काही छापलं गेलं नाही. म्हणून इथे लिहिते.

आईबापांनो, गोळी सुरू होईल त्याच दिवशी विचारा, वागण्यात काय फरक पडेल, अभ्यासात काय पडेल. 'काही होत नाही' असं उत्तर आलं, तर तो माणूस तुम्हाला कटवतोय. रोज नोंद ठेवा. लिहिता येत नसेल तर ठिपके काढा, आणि घरातली शिकलेली कार्टी पुसायला आली तर तिच्या कानाखाली द्या. ती नोंद घेऊन डॉक्टरपुढे बसा, ऐकेपर्यंत उठू नका. ऐकलं नाही तर डॉक्टर बदला. गोळी आपल्या हाताने बदलू नका. आणि पोर जे सांगतं ते आधी ऐका. त्याच्या डोक्यात काय चाललंय, हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

गेला आठवडा

ऋतू आता पाचवीत आहे. आठ महिने फीट नाही.

गेल्या शनिवारी दुपारी ती भागाकार करत होती. मी शेजारी बसून म्हणाले, "बाकी चुकलीय. परत कर." तिने खोडलं. परत चुकलं. मी पेन्सिल तिच्या हातातून घेतली, दाखवायला. तिने वही उचलली आणि भिंतीवर फेकली. मग कंपासपेटी. पेटी उघडून सगळं खोलीभर उडालं.

आईने गॅस बंद केला. वडील नुकतेच गाडीवरून आले होते, हेल्मेट हातात धरून दारातच थांबले. आम्ही तिघांनी एकाच वेळी तिच्या कानांकडे बघितलं. लाल होते. मी काही न बोलता डायरी ओढली, तारीख घातली, वेळ घातली.

"लिवू नगंस," ऋतू म्हणाली.

"का गं? डॉक्टर बाईंना दाखवायला लागतं ना."

"ह्यो गोळीचा राग न्हाई. ह्यो माजा हाय." या वेळी तिचे हात मांडीखाली नव्हते. "तू मला बांदलं व्हतंस. माज्या पायावर बसली व्हतीस. म्या सांगत व्हते आनि तू मारत व्हतीस. गोळी गेली, ते न्हाई गेलं."

"ऋतू, तवा ताईला ठाव नव्हतं..." वडील म्हणाले.

"तुमी मदी बोलू नगा," आई त्यांना म्हणाली. "बोलू द्या तिला."

मी डायरीतली ती ओळ खोडली. म्हणाले, "व्हय. मारलं मी तुला. हात बांधून मारलं."

"का?"

मी डायरी मिटली. "माझंच खरं, असं वाटत होतं मला."

तिने खाली पडलेला कंपास उचलून परत आपटला, आणि सुरुवात केली. चमचा सांगितला. नाक दाबलेलं सांगितलं. ओढणीचा रंग सांगितला. माझ्या लक्षातही नसलेल्या दोन थपडा सांगितल्या, त्या दिवसाच्या आधीच्या. ती उभी राहून ओरडत होती, आणि मी खाली बसून ऐकत होते.